फटफटीचा फटाका : आवाजावरून दोषाचा शोध

प्रस्तावना

मराठीत मोटारसायकलीला 'फटफटी' असे म्हटले जाते. हे नाव कोणा पंडिताने घडविलेले नाही. यंत्राचा आवाज कानाला जसा वाटला, तसे नाव लोकांनी त्याला दिले. इंजिन निरोगी असले की हा आवाज सलग आणि तालबद्ध असतो. परंतु पुष्कळदा गाडी चालता चालता हा ताल अचानक तुटतो आणि सायलेन्सरमधून बार उडावा तसा 'फट्' असा मोठा आवाज येतो. रस्त्यावरची माणसे दचकून मागे पाहतात. कारागीर मंडळी याला 'बॅकफायर' किंवा 'गाडी फटाके मारते' असे म्हणतात.

हा आवाज निव्वळ त्रासदायक नसतो, तो दोषाची सूचनाही देत असतो. ही सूचना समजून घेणे ज्याला जमते, तो दोषाच्या मुळापर्यंत थोड्या वेळात आणि थोड्या खर्चात पोहोचतो. ज्याला ते जमत नाही, तो एकामागून एक सुटे भाग बदलत राहतो. पैसा खर्च होतो आणि फटाके मात्र वाजतच राहतात. बंगळुरूसारख्या महानगरात दुचाकीवरून घरोघरी जेवण, औषधे आणि पार्सले पोहोचविणारे हजारो तरुण आहेत. त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली, तर त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणूनच हा विषय हौसेपुरता मर्यादित नाही, तो पोटापाण्याशी जोडलेला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• सायलेन्सरमधून येणाऱ्या फटाक्याचे कारण सांगू शकाल;
• बॅकफायरचे दोन प्रकार ओळखू शकाल;
• हवामान, उंची व इंधन यांचा इंजिनावर होणारा परिणाम स्पष्ट करू शकाल;
• दोष शोधण्याचा योग्य क्रम लिहू शकाल;
• अनुकरणवाचक शब्दांचा वाक्यांत उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. आवाज कोठे जन्म घेतो?

आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींना चार स्ट्रोकचे इंजिन असते. जर्मनीतील निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये अशा प्रकारचे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्याचे काम चार टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात पिस्टन खाली येतो आणि हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते. दुसऱ्या टप्प्यात पिस्टन वर जाऊन ते मिश्रण दाबतो. तिसऱ्या टप्प्यात स्पार्क प्लगची ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. गाडीला पुढे नेणारी शक्ती याच टप्प्यात निर्माण होते. चौथ्या टप्प्यात जळालेला वायू सायलेन्सरच्या मार्गाने बाहेर फेकला जातो.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये दर सेकंदाला २५ वेळा ज्वलन होते. प्रत्येक ज्वलनासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात : योग्य प्रमाणात मिश्रण, पुरेसा दाब आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा यापेक्षा फार जास्त झाली, तर मिश्रण 'विरळ' होते आणि ठिणगी पडूनही ते कधी कधी पेटत नाही. पेट्रोल फार जास्त झाले, तर मिश्रण 'दाट' होते आणि ते पुरते जळत नाही. दोन्ही वेळी परिणाम एकच होतो. न जळलेले पेट्रोल वाफेच्या रूपात सायलेन्सरमध्ये जाते. सायलेन्सरची नळी तापलेली असते. तेथे या वाफेला ताजी हवा मिळाली आणि मागून ज्वाळा किंवा तप्त वायू आला, की तिचा भडका उडतो. सिलिंडरच्या जाड भिंतींआड जो आवाज दबून राहिला असता, तो पत्र्याच्या नळीत उघडपणे घुमतो. हाच फटाका होय.

यातून पहिला निष्कर्ष असा निघतो की, जे पेट्रोल सिलिंडरमध्ये जळायला हवे होते, ते सायलेन्सरमध्ये जळत आहे. ते सिलिंडरमध्ये का जळले नाही, आणि सायलेन्सरमध्ये त्याला हवा कोठून मिळाली, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधणे म्हणजेच दोषाचा तपास करणे.

२. दोन आवाज, दोन अर्थ

बोलीभाषेत सगळ्याच फटाक्यांना 'बॅकफायर' म्हटले जाते. तथापि जाणता कारागीर त्यांत दोन प्रकार पाहतो. पहिला आवाज गाडीच्या मागील बाजूने, सायलेन्सरमधून येतो. तो भरदार असतो आणि बहुधा उतारावर किंवा सिग्नलजवळ अॅक्सिलरेटरची मूठ सोडल्यावर ऐकू येतो. दुसरा आवाज टाकीखालून, कार्बोरेटर किंवा एअर फिल्टरच्या बाजूने येतो. तो शिंकेसारखा 'फुस्' किंवा 'ठस्' असा असतो. खरे पाहता 'बॅकफायर' हे नाव या दुसऱ्या आवाजालाच अधिक शोभते, कारण यात ज्वाळा आल्या वाटेने मागे फिरते.

दुसऱ्या प्रकारात ज्वलन चालू असतानाच मिश्रण आत घेणारी झडप उघडते किंवा ती नीट बंदच झालेली नसते. मिश्रण फार विरळ असेल, तर ते रेंगाळत जळते. ठिणगी चुकीच्या क्षणी पडत असेल किंवा झडपेच्या टॅपेटमध्ये फट उरली नसेल, तरीही असेच घडते. हा प्रकार अधिक धोक्याचा आहे, कारण कार्बोरेटरजवळ पेट्रोल असते. तेथे गळती असेल, तर आग लागण्याचा संभव असतो. असा आवाज वारंवार येत असल्यास गाडी चालविणे थांबवावे, हे उत्तम.

३. बंगळुरूची हवा आणि कार्बोरेटर

एकच गाडी एका गावी शांत चालते आणि दुसऱ्या गावी फटाके मारते, असा अनुभव अनेकांना येतो. बंगळुरूचे उदाहरण घेतल्यास याचे कारण समजते. हे शहर दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे एक दशांशाने कमी असतो. मुंबई समुद्रकाठी, तर पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. नोकरीनिमित्त मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा बेळगावहून बंगळुरूला जाणारे मराठी तरुण पुष्कळदा आपली गाडी बरोबर नेतात. कोणी ती महामार्गाने चालवीत नेतो, तर कोणी रेल्वेने पार्सल करतो.

जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरला हवेतील हा फरक कळत नाही. मुंबईच्या हवेनुसार जुळविलेली गाडी बंगळुरूत आली की हवा विरळ झालेली असते, पण पेट्रोल जवळजवळ तितकेच येते. मिश्रण थोडे दाट होते आणि प्लगवर काजळी धरते. याउलट बंगळुरूत जुळविलेली गाडी घाट उतरून कोकणात गेली, की तेथील दाट हवेत तिचे मिश्रण थोडे विरळ होते. मूठ सोडताच ती फुटफुटू लागते. हा फरक लहान असतो आणि निरोगी गाडी तो सहज सोसते. मात्र फिल्टर तुंबलेला असेल किंवा सायलेन्सरच्या जोडातून हवा जात असेल, तर आजवर लपून राहिलेला दोष उंची बदलताच बोलू लागतो.

रेल्वेच्या पार्सलचाही येथे संबंध येतो. सुरक्षिततेसाठी टाकीतील पेट्रोल पूर्णपणे काढून मगच गाडी डब्यात चढविली जाते. प्रवासात आणि त्यानंतरच्या मुक्कामात गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर कार्बोरेटरमध्ये उरलेले थोडे पेट्रोल वाळते आणि चिकट थर मागे राहतो. हा थर सर्वांत आधी पायलट जेटच्या अतिशय बारीक छिद्रात अडकतो. इंजिन मंद चालत असताना पेट्रोल याच छिद्रातून येते. म्हणून अशी गाडी वेगात ठीक चालते, परंतु मूठ सोडल्यावर फटाके मारते. शिवाय टाकी रिकामी राहिल्याने तिच्या आत गंज धरला असेल, तर त्याचे कण नव्या पेट्रोलबरोबर खाली उतरतात.

इंधनही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढत गेले आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे त्याला जळण्यासाठी हवा कमी लागते. साहजिकच जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण थोडे विरळ होते. इथेनॉल पाणीही शोषून घेते. म्हणून महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत जुने पेट्रोल तसेच ठेवणे हितावह नसते.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(१) एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे किती हवा लागते?
(अ) १ किलो (आ) १४.७ किलो (इ) २५ किलो
(२) मुंबईत जुळविलेली कार्बोरेटरची गाडी बंगळुरूत नेल्यास मिश्रण –
(अ) थोडे दाट होते (आ) थोडे विरळ होते (इ) मुळीच बदलत नाही
(३) शिंकेसारखा आवाज कोणत्या बाजूने येतो?
(अ) सायलेन्सर (आ) कार्बोरेटर (इ) मागील चाक

४. तपासाचा क्रम

बंगळुरूतील जे. सी. रोड हा वाहनांच्या सुट्या भागांचा प्रसिद्ध बाजार आहे. शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात जुने भागही मिळतात. भाग मिळणे कठीण नाही. कोणता भाग बदलायचा, हे ठरविणे कठीण आहे. त्यासाठी अनुभवी कारागीर एक साधा नियम पाळतात : जे फुकट तपासता येते ते आधी तपासावे, जे स्वस्त आहे ते त्यानंतर, आणि जे महाग व उघडण्यास कठीण आहे ते शेवटी. दुसरा नियम असा की, एका वेळी एकच बदल करावा आणि गाडी चालवून पाहावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज थांबला, तर तो कशाने थांबला हे कळत नाही.

तपासापूर्वी काही दक्षता घ्यावी. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी. बंद खोलीत इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे माणसाला धोका कळण्याआधीच शुद्ध हरपते. विडी-सिगारेट दूर ठेवावी. तापलेल्या सायलेन्सरला हात लावू नये.

पहिली पायरी : आवाजाची वेळ टिपणे. फटाका केव्हा वाजतो, हे सर्वांत आधी पाहावे. केवळ मूठ सोडल्यावर वाजत असेल, तर सायलेन्सरचा जोड आणि पायलट जेट यांच्यावर संशय घ्यावा. वेग वाढविताना वाजत असेल आणि गाडी अडखळत असेल, तर प्लग, कॉइल किंवा पेट्रोलचा अपुरा पुरवठा यांकडे पाहावे. फक्त पावसात वाजत असेल, तर ओलसर झालेली प्लगची टोपी हे कारण असण्याचा संभव अधिक असतो. गाडी थंड असताना एखाददुसरा आवाज आला आणि इंजिन तापल्यावर तो थांबला, तर घाबरण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी : सायलेन्सरचे जोड. सायलेन्सरची नळी इंजिनाला जेथे जोडलेली असते, तेथे एक गॅस्केट असते. कारागीर त्याला 'पॅकिंग' म्हणतात. ते जळाले किंवा तेथील नट सैल झाले, की वायू बाहेर निसटतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. न जळलेल्या पेट्रोलाला हवी असलेली ताजी हवा ती हीच. जोडाभोवती काळा डाग दिसल्यास गळती आहे असे समजावे. इंजिन थंड असताना जोडावर साबणाचे पाणी लावून गाडी चालू केल्यास तेथे बुडबुडे येतात. ही तपासणी जवळजवळ फुकट आहे आणि अनेकदा दोष येथेच सापडतो.

तिसरी पायरी : हवेचा मार्ग. एअर फिल्टर काढून पाहावा. तो धुळीने भरला असेल, तर मिश्रण दाट होते. तो फाटला असेल, तर धूळ इंजिनात जाते. त्यानंतर कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारा रबराचा भाग पाहावा. काही वर्षांनी उष्णतेने त्याला बारीक चिरा पडतात आणि त्यांतून जादा हवा आत शिरते. इंजिन मंद चालू ठेवून या रबरावर साबणाच्या पाण्याचे थेंब टाकावेत. इंजिनाचा वेग बदलला, तर तेथे चीर आहे. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. तो आगीशी खेळ आहे. तसे करू नये.

चौथी पायरी : स्पार्क प्लग. प्लग काढला की त्याचा रंगच पुष्कळ काही सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल, तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर मिश्रण दाट आहे. पांढरे पडले असेल, तर मिश्रण विरळ असून इंजिन प्रमाणाबाहेर तापत आहे. तेलकट काळेपणा असेल, तर इंजिनातील तेल वर येत आहे. प्लगच्या दोन टोकांमधील फट मिलिमीटरच्या दशांश भागांत मोजतात. ती गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे असावी. टोपी, तार आणि कॉइल यांचीही तपासणी याच वेळी उरकावी.

पाचवी पायरी : कार्बोरेटर. येथे हात घालण्यापूर्वी आधीच्या चार पायऱ्या पूर्ण झालेल्या असाव्यात. कार्बोरेटर उघडून जेट स्वच्छ करताना छिद्रात तार घालू नये. तारेने पितळ खरवडले जाते, छिद्र मोठे होते आणि दोष कायमचा होऊन बसतो. स्वच्छ करण्याचा द्रव आणि दाबाची हवा पुरेशी असते. चोक अर्धवट अडकलेला नाही, हेही पाहावे. मिश्रणाचा स्क्रू फिरविण्यापूर्वी तो किती फेरे उघडा होता, हे लिहून ठेवावे. नाहीतर परतीची वाट सापडत नाही.

सहावी पायरी : टॅपेट. झडप आणि तिला दाबणारा दांडा यांच्यामध्ये अगदी थोडी फट ठेवलेली असते. पुष्कळ गाड्यांत ती माणसाच्या केसाच्या जाडीइतकी असते. कालांतराने ही फट नाहीशी झाली, तर झडप पूर्ण बंद होत नाही. वायू बाहेर सोडणारी झडप अशी अर्धवट उघडी राहिली, की जळती ज्वाळा सरळ सायलेन्सरमध्ये शिरते. एरवी बंद होताना ही झडप आपली उष्णता तिच्या बैठकीला देऊन थंड होत असते. टेकायलाच मिळाले नाही, तर ती तापत जाते आणि शेवटी तिची कड जळते. इंजिन थंड असताना फीलर गेजने ही फट वेळेवर जुळविणे हे थोड्या वेळाचे काम आहे. तेच दुर्लक्षिले, तर इंजिनाचे हेड उतरवावे लागते आणि कित्येक दिवसांची कमाई त्यात जाते. फटाक्याची सूचना का मानावी, हे या एका उदाहरणावरून पटावे.

सातवी पायरी : ठिणगीची वेळ. वरील सर्व गोष्टी ठीक असूनही आवाज थांबत नसेल, तर ठिणगी योग्य क्षणी पडते की नाही, हे तज्ज्ञ कारागिराकडून तपासून घ्यावे.

५. जुनी गाडी आणि नवी गाडी

बंगळुरूपासून सुमारे १४५ किलोमीटरवर असलेल्या म्हैसूर येथे आयडियल जावा या कंपनीचा कारखाना होता. १९६१ पासून तेथे जावा आणि पुढे येझदी या मोटारसायकली तयार होऊ लागल्या. १९९६ मध्ये हा कारखाना बंद पडला. तरीही त्या गाड्या आजही काहींनी प्रेमाने जपलेल्या आहेत. या गाड्यांचे इंजिन दोन स्ट्रोकचे असते. त्यात टॅपेटच्या झडपा नसतात आणि पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. त्या तेलाचा कार्बन सायलेन्सरच्या आत साचतो, वायूची वाट अडते आणि गाडी गुदमरल्यासारखी चालते. म्हणून अशा गाडीत सायलेन्सरची आतून स्वच्छता हीच पहिली पायरी ठरते. यंत्राचा प्रकार बदलला की तपासाचा क्रमही बदलतो, तो असा.

नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज–६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या गाड्यांत सामान्यतः कार्बोरेटरऐवजी इंधन फवारणारा इंजेक्टर असतो. सायलेन्सरच्या मार्गातील संवेदक प्राणवायू मोजतो आणि छोटा संगणक त्यानुसार पेट्रोल कमी-अधिक करतो. त्यामुळे मुंबई आणि बंगळुरू यांच्या हवेतील फरक गाडी स्वतःच सांभाळते. अशी गाडी फटाके मारू लागली, तर मीटरवरील इंजिनाचा पिवळा दिवा लागला आहे का, हे आधी पाहावे. दोषाचा संकेतांक वाचण्यासाठी स्कॅनर लागतो. तथापि सायलेन्सरचे जोड, फिल्टर आणि प्लग यांची साधी तपासणी येथेही चुकत नाही.

नव्या गाडीत एक धोका मात्र वाढलेला आहे. तिच्या सायलेन्सरमध्ये विषारी वायू निरुपद्रवी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्याच्या जाळीवर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा थर असतो. न जळलेले पेट्रोल वारंवार तेथे जळत राहिले, तर जाळी प्रमाणाबाहेर तापून वितळते. हा भाग महाग असतो.

पाठगत प्रश्न २

रिकाम्या जागा भरा.
(१) स्पार्क प्लगचे टोक पांढरे पडले असेल, तर मिश्रण ______ आहे असे समजावे.
(२) जेटच्या छिद्रात ______ घालू नये.
(३) भारत स्टेज–६ हे नियम १ एप्रिल ______ पासून लागू झाले.

६. मुद्दाम काढलेले फटाके

काही तरुण हा दोष मुद्दाम निर्माण करतात. कोणी मूळ सायलेन्सर काढून पोकळ नळी बसवितो. कोणी चालत्या गाडीत इंजिन बंद करण्याचे बटण दाबून पुन्हा चालू करतो. कार्बोरेटरच्या गाडीत त्या मधल्या क्षणी पेट्रोल न जळताच सायलेन्सरमध्ये साचते आणि मग त्याचा मोठा बार उडतो. क्षणभराच्या या करमणुकीत झडपा, सायलेन्सर आणि प्लग यांची हानी होते. शेजारून जाणारा वृद्ध किंवा लहान मूल घेऊन निघालेली स्त्री दचकते. दुसरा दुचाकीस्वार दचकला, तर अपघात घडू शकतो.

कायद्यालाही हे मान्य नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार प्रत्येक वाहनाला सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मर्यादा मोडणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. चालक परवानाही तीन महिन्यांसाठी गमवावा लागतो. ज्याची रोजी परवान्यावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी ही शिक्षा दंडापेक्षाही जड आहे.

७. समारोप

दोष शोधणे ही केवळ हातांची कला नाही. नीट ऐकणे, प्रश्न विचारणे, संशयितांची यादी करणे, सोप्या तपासणीपासून सुरुवात करणे आणि एका वेळी एकच बदल करून निष्कर्ष लिहून ठेवणे, ही शास्त्रीय विचाराचीच पद्धत आहे. वैद्य रोग्याची नाडी पाहतो, शेतकरी पानाच्या रंगावरून पिकाचा रोग ओळखतो आणि कारागीर प्लगच्या रंगावरून इंजिनाची प्रकृती जाणतो. या तिघांचे शिक्षण कमी-अधिक असेल, परंतु विचाराची रीत एकच आहे. शाळेबाहेर राहून, कामाच्या ठिकाणी ज्यांनी ही रीत आत्मसात केली, त्यांचे ज्ञान कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. त्या ज्ञानाला वाचनाची आणि लेखनाची जोड मिळाली, तर गाडीची पुस्तिका, दोषाचा संकेतांक आणि स्वतःची टिपणवही या तिन्ही गोष्टी कारागिराच्या हातातील नवी अवजारे ठरतात.

तुम्ही काय शिकलात?

• न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जळले की फटाका वाजतो.
• सायलेन्सरमधील आवाज आणि कार्बोरेटरमधील आवाज यांची कारणे वेगळी असतात.
• उंची, इंधन आणि गाडीचा दीर्घ मुक्काम यांमुळे लपलेले दोष उघड होतात.
• तपास फुकटापासून महागाकडे आणि सोप्यापासून कठीणाकडे करावा. एका वेळी एकच बदल करावा.

शब्दार्थ

तालबद्ध – ठरावीक लयीत चालणारे
विरळ – प्रमाणात कमी, पातळ
झडप – उघडझाप करून वाट मोकळी किंवा बंद करणारा भाग
संवेदक – बदल टिपणारे छोटे साधन
हितावह – फायद्याचे
संकेतांक – खुणेचा आकडा
आत्मसात करणे – पूर्णपणे आपलेसे करणे

भाषाभ्यास

'फटफट' या शब्दात आवाजाचे अनुकरण आहे. ध्वनीचे अनुकरण करून तयार झालेल्या अशा शब्दांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. उदाहरणार्थ : खडखड, घरघर, किरकिर, ठकठक. 'फटफट' या शब्दाला 'ई' प्रत्यय लागून 'फटफटी' हे नाम तयार झाले.

खालील वस्तूंच्या किंवा घटनांच्या आवाजांसाठी अनुकरणवाचक शब्द लिहून त्यांचा वाक्यांत उपयोग करा : पाऊस, घड्याळ, बांगड्या, वाळलेली पाने, जाते.

स्वाध्याय

१. सायलेन्सरमधून फटाका कसा वाजतो, ते सात-आठ वाक्यांत स्पष्ट करा.
२. 'एका वेळी एकच बदल करावा' या नियमामागील कारण सांगा.
३. टॅपेटकडे दुर्लक्ष केल्यास होणारे परिणाम क्रमाने लिहा.
४. मुद्दाम फटाके काढणाऱ्या मित्राला समजावणारे पत्र लिहा.
५. तुमच्या घरातील किंवा कामावरील एखाद्या यंत्राचा (शिलाई यंत्र, पंखा, पाण्याचा पंप) दोष शोधण्याच्या पायऱ्या या पाठातील क्रमाच्या आधारे लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (१) आ (२) अ (३) आ
पाठगत प्रश्न २ : (१) विरळ (२) तार (३) २०२०